तात्यांचा तांबडा दिवा

आमच्या शेजारचे तात्या गेल्या हिवाळ्यात रोज सकाळी अंगणातल्या जुन्या जीपमध्ये जाऊन बसत, किल्ली फिरवत, इंजिन चालू करत आणि शेजारच्या रिकाम्या सीटला विचारत, "दिवा?"

सीट काही बोलत नसे. तात्या समोर बघत, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत, लगेच इंजिन बंद करत आणि खाली उतरून दार हळूच लावून घेत. निजलेल्या माणसाच्या खोलीचं लावावं तसं.

माझी भांडी घासायची जागा मेंदीच्या कुंपणाच्या अलीकडे आहे आणि जीप पलीकडे. त्यामुळे न बघायचं ठरवलं तरी दिसायचंच. मी आमच्या घरी सांगितलं, "तात्या सीटशी बोलतात." हे म्हणाले, "तू तरी कुणाशी बोलतीस? त्यांना निदान सीट हाय."

ते खरं आहे. मी फार बोलत नाही. पण तात्यांचं तसं नाही. त्यांचं उभं आयुष्य बोलण्यात आणि जीप चालवण्यात गेलं. श्रीगोंद्याच्या बाजाराला सकाळी माणसं न्यायची आणि दिवस मावळायच्या आत परत आणून सोडायची. जीप डिझेलची आणि इतकी जुनी, की तिचा मूळ रंग कोणता यावर गावात दोन मतं आहेत. तात्यांचा स्वतःचा कौल निळ्याला आहे. बबन मिस्त्री म्हणतो हिरवी होती. मला ती शेणाने सारवल्यासारखी दिसते, पण मला कोणी विचारलेलं नाही.

तात्यांचा जीव त्या जीपमधल्या एका तांबड्या दिव्यात आहे. मीटरबोर्डावर मधोमध, मक्याच्या दाण्याएवढा दिवा. किल्ली फिरवली की तो पेटतो. इंजिन चालू झालं की दोन श्वासांत शांत होतो. त्यांना जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल विचारा, ते त्या दिव्यावर आणून सोडतात.

पाटलांची थोरली सून दिवसभर घरात सगळ्यांवर ओरडते. तात्या म्हणतात, "तिचा दिवा कायम पेटलेला. खाली ऑईल फुल्ल हाय, नुसती वायर खराब." सरपंच कधी चिडत नाहीत, तर म्हणतात, "त्याचा बल्बच काढल्याला हाय." माझ्याबद्दल एकदा आमच्या ह्यांना म्हणाले, "मंगलचं काय कळत न्हाई बाबा. दिवा पेटतच न्हाई. आतनं प्रेशर चांगलं हाय का वायर सुटलीया, द्येव जाणे."

श्रीगोंद्याच्या डॉक्टरांनी एकदा त्यांच्या दंडाला पट्टा बांधून सांगितलं, "तात्या, प्रेशर वाढलंय." तात्या खूश. "वाढलंय न्हवं? मग काळजी न्हाई. पडलं की सांगा." डॉक्टर मिठाचं सांगत राहिले आणि तात्या त्यांना विचारत राहिले, की पट्टा बांधायच्या आधी काटा खाली टेकलेला होता का? कारण जो काटा खाली टेकत नाही तो वर गेला काय आणि न गेला काय.

हे दिव्याचं एकदा त्यांनी मलाही समजावून सांगितलं. मी ओट्यावर लसूण सोलत होते. ते कुंपणाजवळ आले आणि मी विचारलेलं नसताना सुरू झाले.

"हे बघ मंगल. इंजिनच्या कुशीला एक बारका स्विच आस्तो. त्याच्यापासनं एकच वायर निघती ती थेट दिव्याला. ऑईलचं प्रेशर नसलं की स्विच आतनं लोखंडाला टेकतो. टेकला की दिवा पेटतो. प्रेशर चढलं की स्विच सुटतो. सुटला की दिवा शांत. आलं ध्यानात?"

मी मान हलवली.

"मग सांग. दिवा पेटला तर चांगलं का वाईट?"

आमच्या घरी दिवा लागला की चांगलं. वीज आली, देवापुढं निरांजन लागलं, की चांगलं. मी म्हणाले, "चांगलं."

तात्यांनी कपाळाला हात लावला. "वाईट! पेटला म्हंजे प्रेशर न्हाई."

"मग किल्ली फिरवल्यावर पेटतो ते वाईट?"

"ते चांगलं. तवा पेटलाच पायजे. न्हाई पेटला तर त्ये वाईट."

"म्हणजे आधी पेटला तर चांगलं आणि मग पेटला तर वाईट."

"बरोब्बर!"

"आणि कधीच पेटला नाही तर?"

"त्ये सगळ्यात वाईट. शांत झाल्याला दिवा आन् मेल्याला दिवा, दोनी दिसायला सारखंच. दिसतं सारखं, असतं येगळं."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढली तरी ते ती उचलून उजेडात बघतात आणि म्हणतात, "दिसतं सारखं, असतं येगळं." माझी शाळा चौथीपर्यंत झाली. चौथीत भागाकार आला होता, हे आलं नव्हतं. मी लसूण सोलत राहिले आणि साली पातेल्यात टाकून पाकळ्या फेकून दिल्या.

एक गोष्ट मात्र मला चांगली कळली. तात्या 'दिवा विझला' म्हणत नाहीत. आपल्याकडे ते म्हणू नयेच. देवापुढचा दिवा गेला तरी आपण शांत झाला म्हणतो. पण जीपच्या दिव्याला हा मान तात्यांनी दिलेला नाही. तो दिला जिजींनी.

जिजी म्हणजे तात्यांची बायको. ठेंगणी, गोरी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मी लग्न होऊन या गावात आले त्याच्याही कितीतरी आधीपासून जिजी त्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसत आल्या. बाजाराचा दिवस असो की कुणाचं लग्नकार्य, गाडी निघाली की जिजी पुढे. त्यांना गाडी लागते, हे सगळ्या गावाला माहीत. बसमध्ये, टेम्पोत, दुसऱ्याच्या चारचाकीत बसल्या की पोटात ढवळून येतं. फक्त तात्यांच्या जीपमध्ये लागत नाही. म्हणून पॅसेंजर कितीही दाटले, अगदी टपावर बसले, तरी पुढची सीट जिजींची.

आणि मग कुंपणापलीकडून रोज ऐकू यायचं. तात्या विचारायचे, "दिवा?" आणि जिजी ठसक्यात सांगायच्या, "शांत!" मग गिअर पडायचा.

मला तेव्हाही एक कोडं पडायचं. दिवा तर तात्यांच्या नाकासमोर आहे. त्यांची नजर चांगली आहे. लांबून येणाऱ्या माणसाच्या चपलेचा अंगठा तुटलेला ते ओळखतात. मग ते जिजींना का विचारतात? पण कोड्यांची उत्तरं मागत फिरायचा माझा स्वभाव नाही.

दिवाळी झाली आणि त्यांच्या मुलाला, सुनीलला, बाळ झालं. सुनील सुप्याला कारखान्यात कामाला आहे, तिथंच खोल्या घेऊन राहतो. सुनेच्या मदतीला जिजी निघाल्या. तात्यांनी जीप धुतली, स्वतः धुतलेली टोपी घातली आणि जिजींना सुप्याला नेऊन सोडलं.

परत आले ते ट्रॅक्टरला बांधून.

सगळ्या गावाने बघितलं. ऊस घालून रिकाम्या ट्रॉल्या घेऊन एक ट्रॅक्टर येत होता, त्याच्यामागे दोरी, दोरीला जीप, आणि जीपमध्ये स्टेअरिंग धरून तात्या, ताठ. पोरं पळत मागे लागली. तात्या कोणाकडे बघेनात. येताना अर्ध्या रस्त्यात दिवा आधी लुकलुकला आणि मग पेटला तो पेटलाच. तात्यांनी तिथंच इंजिन बंद केलं. इंजिनाचा आवाज चांगला होता, धूर चांगला होता. पण पेटलेल्या दिव्याने गाडी चालवायची नाही, हा त्यांचा नेम.

तिथून हे दुखणं सुरू झालं. बबन मिस्त्री आला. त्याने ऑईलची पट्टी काढून बघितली. ऑईल काठोकाठ. तरी बदललं. दिवा पेटलेला. स्विच नवा टाकला. दिवा पेटलेला. मीटर लावून प्रेशर मोजलं, तर म्हणाला, "तात्या, तुमच्यापेक्षा गाडीची तब्येत बरी हाय." दिवा पेटलेला. शेवटी त्याने स्विचवरून वायरच उपटली. वायर काढली म्हणजे दिवा शांत व्हायलाच पाहिजे, असं दोघेही म्हणाले. दोघांनी आत डोकं घालून बघितलं. दिवा आपला मजेत पेटलेला.

मला वाटलं, चूल विझवून लाकडं बाहेर काढली आणि तरी दूध उतू जातंय, तसलं हे काहीतरी.

मिस्त्री म्हणाला, "वायर मधी कुठंतरी बॉडीला लागलीया. समदी वायरिंग उपसावी लागंल. सीझन सपल्यावर बघू, आता ट्रॅक्टरवाले मला श्वास घिऊ दीनात. तवर बल्ब काढून टाका की! गाडी ठणठणीत हाय."

"बल्ब काढू?" तात्या एवढ्याने म्हणाले, की मिस्त्रीने पाना खाली ठेवला. "मला मेल्याला दिवा नगं बबन. शांत पायजे."

"दिसाया सारखाच की!"

"दिसतं सारखं, असतं येगळं," तात्या म्हणाले. मिस्त्री पाना उचलून गेला.

सीझन संपेना आणि मिस्त्री येईना. चैत्रातली आमच्या गावची यात्रा जवळ आली. देवीचा निवद घरच्या बाईच्या हातचा लागतो. सुप्यात सुनेची आई बाळाला सांभाळायला येणार होती, म्हणजे जिजी मोकळ्या होणार होत्या. सुनीलचा फोन आला. तात्या फोन स्पीकरवर ठेवतात आणि असं बोलतात, की सुप्याला फोनशिवायही ऐकू जावं.

"तात्या, मी आईला माझ्या गाडीत आणून सोडतो. तुमची ती जीप आता भंगारात द्या. किती दिवस तिच्यापायी?"

मग जिजींचा आवाज आला. "मी न्हाई ह्याच्या गाडीत बसायची. मला लागती. तुमी या न्यायला. तुमची गाडी नीट झाली तर यीन, न्हाईतर मी हितंच ऱ्हाते बाई. निवद सुनील ठिवून यील."

तात्यांनी फोन ठेवला. मग त्यांनी भाकरी भाजायला घेतली. तात्यांची भाकरी म्हणजे एका कडेने पापड आणि दुसऱ्या कडेने विटकर. मी कुंपणावरून भाजीची वाटी दिली. त्यांनी ती घेतली आणि म्हणाले, "मंगल, उद्या वाईच येशील का? दिव्याकडं बघाया मानूस पायजे. मी बोनेटात आस्तो, मला दिसत न्हाई."

मला नाही म्हणता येत नाही, कारण त्यालाही बोलावं लागतं.

दुसऱ्या दिवशी मी जिजींच्या सीटवर बसले. संकोचाने अगदी कडेला. काम साधं होतं. वायर स्विचवरून सुटीच होती आणि किल्ली नुसती फिरवलेली, इंजिन बंद. तात्या बोनेटखाली वायर वीत-वीत चाचपणार, जरा ओढणार आणि विचारणार, "दिवा?" मी बघायचं आणि सांगायचं. दिवा शांत झाला की त्या जागी दुखणं.

"दिवा?"

"पेटलाय," मी म्हणाले.

"आं?"

"पेटलाय."

"मोठ्यानं बोल की! उभा जलम इंजिनापाशी गेला, डावा कान मेलाय माझा!"

गल्लीतल्या दोन बाया पाण्याचे हंडे घेऊन थांबल्या होत्या. माझा आवाज जो आत गेला तो गेलाच. मी मान हलवली. बोनेटच्या पत्र्याआडून तात्यांना माझी मान कशी दिसणार?

शेवटी मी म्हणाले, की मी मीटरबोर्डावर वाजवते. पेटलेला असला तर एकदा, शांत असला तर दोनदा. तात्यांना ते पटलं नाही, पण दुसरं माणूस नव्हतं.

"दिवा?"

दिवा पेटलेला होता. मी पत्र्यावर एकदा ठोकलं. ठोकलं आणि दिवा शांत झाला. म्हणजे मी खोटं सांगितलं होतं. मी घाईने दोनदा ठोकलं. दिवा पेटला. मग पुन्हा एकदा ठोकलं, तर तो शांत. मी खरं सांगायचे आणि सांगताक्षणी ते खोटं व्हायचं. मी आणखी जोरात ठोकत राहिले, आणि दिवा काजव्यासारखा लुकलुकायला लागला.

"अगं, काय त्ये एक सांग!" तात्या ओरडले. "तबला वाजवतीस का?"

हंडेवाल्या बाया हसल्या. मी मान खाली घातली. माझी मान खाली जाण्यात काही विशेष नाही, ती बहुतेक तिथंच असते. पण त्या दिवशी मान खाली गेली म्हणून मला मीटरबोर्डाच्या खालची बाजू दिसली.

तिथं वायरींचा एक झुबका होता. लोंबू नये म्हणून तो वर उचलून लोखंडी पट्टीच्या भोकात अडकवला होता. सेफ्टी पिनेने.

मोठी, पिवळी पिन. माझ्या बांगडीत तसल्याच लटकत होत्या. कुठलाही मिस्त्री गाडीला पिन लावत नाही. तो तार लावेल, चिकटपट्टी लावेल. पिन लावते ती बाई. ब्लाउजचं हुक तुटलं, पिशवीचा बंद निघाला, पायात काटा मोडला, परकराची नाडी आत गेली, की हात बांगडीकडे जातो. त्या सीटवर इतक्या वर्षांत एकच बाई बसली होती.

पिनेने एका वायरीचं वरचं कातडं कुरतडलं होतं आणि आतलं तांबं चमकत होतं. तांबं पिनेला टेकलं होतं, पिन लोखंडाला. तात्यांनी लसणाच्या वेळी सांगितलेलं सगळं मला नीट कळलं होतं असं नाही. पण 'टेकला की पेटतो' एवढं ध्यानात होतं.

मी पिन उघडली. वायरी माझ्या पायावर लोंबल्या. दिवा शांत झाला. मी वर पत्र्यावर बुक्की मारून बघितली. दिवा शांतच.

आता ठोकून भागणार नव्हतं. मी दारातून तोंड बाहेर काढलं आणि म्हणाले, "शांत!"

हंडेवाल्या बायांनी हंडे खाली ठेवले. त्यांनी माझा आवाज पहिल्यांदा ऐकला असणार. मीही.

तात्या धावत आले. पण विश्वास कसला ठेवतात! "शांत का मेला?" म्हणाले. परत बोनेटकडे गेले, स्विचवरून उपटलेली वायर घेऊन इंजिनाला टेकवली. दिवा पेटला. उचलली, शांत. पुन्हा टेकवली, पुन्हा पेटला. "जित्ता हाय," ते म्हणाले. मग वायर स्विचला लावून त्यांनी इंजिन चालू केलं. दिवा पेटला, दोन श्वास थांबला आणि शांत झाला.

मग मी तळहातावरची पिन त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी ती उचलली नाही. "मीच म्हनलं हुतं तिला," ते म्हणाले. एरवी त्यांचा आवाज वेशीपर्यंत जातो, तो मला जेमतेम ऐकू आला. "सुप्याला जाताना. म्हनलं, पायापाशी वायरी लोंबत्यात, संभाळून बस. येक जरी तुटली तर मी घरी कसा यायचा? तिनं संभाळल्या."

मी उघडी पिन बंद केली.

"मंगल, ह्ये कुनाला बोलू नगंस."

"मिस्त्रीला?"

"त्याला तर मुळीच न्हाई. आन् जिजीला तर... तिला कळलं आपल्यामुळं झालं, तर ती फुडं बसायची न्हाई. म्हनंल, माझा हात लागला की इपरीत हुतं. मागं जाऊन बसंल." त्यांनी पिन घेतली आणि खिशात टाकली. वायरीला त्यांनी चिकटपट्टीचे इतके वेढे दिले, की मोडलेला पाय प्लास्टरमध्ये घालावा तसा दिसायला लागला.

यात्रेच्या आधीच्या रविवारी आम्ही सुप्याला गेलो. बाईमाणूस बरोबर असावं म्हणून मला घेतलं. मी मागे बसले. पुढची सीट रिकामी. गाडी सुरू झाली आणि तात्यांनी सवयीने त्या सीटला विचारलं, "दिवा?" मी मागून जमेल तेवढं मोठ्याने म्हणाले, "शांत." त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. गिअर पडला.

सुप्यात सुनीलच्या दारात त्याची पांढरी गाडी उभी होती, काचा बंद. सुनील म्हणाला, "आई, अजून सांगतो. एसी आहे. गार वाऱ्यात जाशील." जिजी म्हणाल्या, "त्या गार वाऱ्यानंच मळमळतं मला." आणि पिशव्या जीपमध्ये टाकायला लागल्या.

मी आत पाणी प्यायला गेले. सून बाळाला घेऊन बसली होती. गोड मुलगी. म्हणाली, "आईंना गाडी लागते म्हणून आम्ही घाबरत घाबरत त्यांना देवदर्शनाला नेलं हो मागच्या महिन्यात. आमच्याच गाडीतून. दिवसभर फिरलो. काही सुद्धा झालं नाही! वाटेत भेळ खाल्ली, वडा खाल्ला."

जिजींना गाडी लागते, असं आमचं सगळं गाव म्हणतं. मग लागते का नाही?

परत निघालो. जिजी पुढे बसल्या. पाय खाली सोडताना जरा थांबल्या. "आवं, हितं माझी पिन हुती."

"पडली आसंल," तात्या म्हणाले.

"आन् दिव्याला काय झालतं?"

"काय न्हाई. ऑईल कमी हुतं."

ऑईल काठोकाठ होतं. मी खिडकीबाहेर बघितलं.

वाटेत रसवंती लागली. तात्या बोनेट उघडून पाणी घालायला आणि मग रसवंतीवाल्याच्या इंजिनाचा आवाज ऐकायला गेले. त्यांना तो पसंत पडला नाही, हे हातवाऱ्यांवरून दिसत होतं. आम्ही दोघी रसाचे ग्लास घेऊन जीपमध्येच होतो. का कोण जाणे, मी विचारलं. "जिजी, सुप्यात तुम्हाला गाडी लागली नाही म्हणे."

जिजी मागे वळल्या. जरा दचकल्या, मग हसल्या.

"सून बोलली व्हय? लई भोळी हाय." त्यांनी पदराने ग्लास पुसला. "खोटं न्हाई गं. लगीन झालं तवा लई लागायची. बाजाराला जाईस्तवर धा ठिकानी गाडी थांबायची माझ्यापायी. पॅशिंजर वैतागायची. मला मेल्याहून मेल्यागत व्हायचं. मग ह्यांनी मला फुडं बसवलं आन् सांगितलं, ह्या तांबड्या दिव्याकडं बघायचं. त्यो गाडीचा जीव हाय. तुझी नजर हालली आन् त्यो पेटला, तर इंजिन जळलं म्हनून समज. मी इचारीन तवा सांगायचं. मी आशी भ्याले, की उलटीचं ध्यानच ऱ्हायलं न्हाई. समदी गाडी माझ्यावर!"

"मग?"

"मग काय. थांबली. कवाच थांबली. सुनील रांगत आसंल तवा."

"तात्यांना माहीत नाही?"

जिजींनी रसवंतीकडे बघितलं. तात्या तिथं रसवंतीवाल्याला काहीतरी दाखवत होते.

"सांगितलं आस्तं तर त्यांनी मला इचारायचं सोडलं आस्तं," जिजी म्हणाल्या. "कुनाला बोलू नगंस बाई."

मी मान हलवली. माझ्याकडे आता लपवायच्या दोन गोष्टी झाल्या होत्या, एक तात्यांची आणि एक जिजींची, आणि कोणती कोणापासून लपवायची याचा मला नीट हिशेब लागत नव्हता.

तात्या आले, बसले. किल्ली फिरवली. इंजिन चालू झालं. किल्लीच्या कडीत काहीतरी पिवळं लटकत होतं, ते हिंदकळलं. जिजींची नजर त्यावर गेली.

"ह्ये किल्लीला काय?"

"पिन हाय."

"कुठली?"

"घावली. मंगलनं दिली."

जिजी मागे वळून माझ्याकडे बघायला लागल्या. "व्हय गं मंगल?"

रस्त्याच्या कडेला ऊस होता. मी उसाकडे बघत बसले.

"तिला काय इचारतीस?" तात्या म्हणाले. "समोर बघ. दिवा?"

दिवा त्यांच्या नाकासमोर होता. जिजी पुढे वाकल्या, पदर सावरला, आणि पहिल्यांदाच बघत असल्यासारखं त्याच्याकडे नीट निरखून बघितलं.

"शांत," त्या म्हणाल्या.